उपजत काय आणि निपजत काय

अमळनेरच्या एका वाचकांनी पत्राने दोन गोष्टी विचारल्या आहेत. त्यांच्या नातीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत 'विद्यार्थिनींनी अथक सरावाने मिळवलेली नृत्याची उपजत हातोटी' असे शब्द छापले आहेत, ते बरोबर आहेत काय, ही पहिली. दुसरी अशी की, जो गुण आपल्या अंगी नाही, पण असता तर फार बरे झाले असते असे जन्मभर वाटत राहते, त्याला मराठीत काही शब्द आहे काय आणि त्याला 'सुप्त गुण' म्हटलेले चालेल काय.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. जे सरावाने मिळवले ते उपजत नव्हे आणि जे उपजत आहे ते मिळवण्याचा प्रश्नच येत नाही. परंतु ही चूक त्या एका शाळेची म्हणावी तर तसेही नाही. गणेशोत्सवातले निवेदक, सत्काराची मानपत्रे लिहिणारे, बक्षीस समारंभाचे पाहुणे, या सगळ्यांच्या तोंडी हल्ली 'उपजत' हा शब्द 'उत्तम' या अर्थाने बसला आहे. 'त्यांनी वक्तृत्वाची उपजत कला आत्मसात केली' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, निवेदकाने 'उपजत' म्हटले की पुढे 'आत्मसात' येणार, हे मला आधीच कळते.

'उपजत' म्हणजे जन्मापासूनचे, हे कोणालाही ठाऊक आहे. त्यावर शब्द खर्चण्यात अर्थ नाही. खरी गंमत त्याच्या घडणीत आहे, आणि नेमके तिथेच शुद्धलेखनाच्या मार्गदर्शिका वाचकाला चुकीच्या दारात नेऊन उभे करतात. 'उप अधिक जात, म्हणजे जन्माबरोबर आलेले' अशी फोड त्यांतून बिनदिक्कत दिलेली असते. ती कानाला पटते, म्हणूनच ती अधिक घातक आहे. 'उपजत' या शब्दातला 'उप' हा उपसर्ग नाही, आणि त्यातल्या 'ज'चा जन्माशी काडीचाही संबंध नाही.

मूळ क्रियापद 'उपजणे'. ते संस्कृतातल्या 'उत्पद्यते' या रूपापासून आले आहे. प्राकृतात 'त्प'चा 'प्प' होतो आणि 'द्य'चा 'ज्ज' होतो, त्यामुळे 'उत्पद्यते'चे 'उप्पज्जइ' झाले आणि मराठीत येताना जोडाक्षरे सुटून 'उपजे' उरले. 'द्य'चा 'ज' होण्याची वाट किती मळलेली आहे, हे पाहायचे असेल तर 'अद्य'पासून 'आज' आणि 'विद्युत्'पासून 'वीज' कशी झाली ते पाहावे. 'उपटणे' आणि 'उपडणे' या शब्दांतही असाच फसवा 'उप' बसलेला आहे. तो 'उत्पाटयति'मधून आला आहे.

यावर एक आक्षेप हटकून येतो, आणि तो घेणारे बहुधा गीता पाठ असलेले असतात. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात 'सङ्गस्तेषूपजायते' असे आहे, तेव्हा 'उपजणे' हे सरळ 'उपजायते'पासूनच आले असणार, असे ते म्हणतात. पाठांतर उत्तम आहे, पण पाठांतराने व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला एकटा 'प' प्राकृतात टिकत नाही, त्याचा 'व' होतो. 'दीप'चा 'दिवा' झाला, 'कपाट'चे 'कवाड' झाले, 'ताप'चा 'ताव' झाला. खऱ्याखुऱ्या 'उप' उपसर्गाचीही तीच गत झाली आहे. 'उपाध्याय' या शब्दाचे प्राकृतात 'उवज्झाय' झाले आणि त्यातून पुढे उत्तरेकडचा 'ओझा' निघाला. 'उपविशति' याचे 'उवविसइ' झाले आणि झिजता झिजता आपल्याकडे 'बैसणे', 'बसणे' एवढेच शिल्लक राहिले, म्हणजे तिथे तर अख्खा उपसर्गच गळून पडला. 'उपजायते' त्या वाटेने चालत आले असते, तर त्यातला 'प' आज आपल्याला दिसलाच नसता. 'उपजणे'मधला 'प' टिकला, कारण तो जोडीने आला होता. एवढा साधा पुरावा समोर असताना जे अजूनही 'उप अधिक जात' छापतात, त्यांनी निदान 'बसणे'मधला 'उप' कुठे गेला ते सांगावे.

धुळ्यात राहून शब्दांच्या मुळाविषयी लिहायचे आणि राजवाड्यांचे नाव घ्यायचे नाही, हे शक्य नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 1926 साली याच गावात वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही इथे उभे आहे. धातूंचा पाठलाग करण्याचे त्यांचे वेड पुढच्या अभ्यासकांना झेपले नाही, आणि त्यांच्या कित्येक व्युत्पत्ती त्या अभ्यासकांनी नाकारल्याही. माझे त्यांच्या हट्टी बाजूवरच प्रेम आहे, पण त्यांचे नाव पुढे करून कोणताही मराठी शब्द एका उडीत संस्कृतात नेऊन टाकणारे जे आहेत, त्यांच्याशी माझे भांडण आहे. मधली प्राकृताची पायरी वगळली की 'उपजत'सारखे घोटाळे होतात.

आता त्या 'पद्' धातूकडे वळू. त्याचा अर्थ जाणे, पाऊल टाकणे. त्याला 'उत्' लागला की वर येणे, उगवणे. बाजार समितीच्या फाटकावरच्या 'कृषी उत्पन्न' या पाटीतला 'उत्पन्न' हा शब्द आणि मानपत्रातला 'उपजत' हे एकाच घरातले आहेत. एक संस्कृत वेष तसाच ठेवून आला, दुसरा प्राकृतातून पायी चालत आला. 'उपजणे' हे केवळ माणसाच्या जन्मापुरते नाहीच. शंका उपजते, भांडण उपजते, बुद्धी उपजते. ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायात 'उपजे तें नाशे' असे म्हटले आहे, ते सर्व जन्मणाऱ्या वस्तुमात्राविषयी आहे. गवयांच्या परिभाषेत तर 'उपज' म्हणजे गाता गाता आयत्या वेळी सुचलेली जागा. वर्षानुवर्षे रियाज केल्याशिवाय ती सुचत नाही, पण ती जेव्हा येते तेव्हा तिथल्या तिथे उगवल्यासारखी येते, म्हणून ती उपज.

यावरून 'उपजत' हा शब्द नेमके काय सांगतो ते कळते. तो फक्त वेळ सांगतो. 'उपजत' हे 'वाहत', 'चालत' यांसारखे धातुसाधित रूप आहे. उगवतानाच, जन्मतानाच, एवढाच त्याचा अर्थ. सरकारी दप्तरात हा अर्थ अजून शाबूत आहे, कारण जन्ममृत्यूच्या नोंदणीत 'उपजत मृत्यू' अशी वेगळी नोंद असते आणि तिथे 'उपजत'चा अर्थ 'उत्तम' असा घेण्याची हिंमत कोणी करत नाही. गुण कोणाकडून आला, बापाकडून की आजीकडून, यावर हा शब्द मौन पाळतो. ते सांगायला 'आनुवंशिक' आहे, 'खाण तशी माती' ही म्हण आहे. काही जण याच अर्थाने 'वडिलोपार्जित गुण' म्हणतात, तेही वाचून मला हसू येते, कारण 'वडिलोपार्जित' या शब्दात 'उपार्जित', म्हणजे कष्टाने कमावलेले, असा अर्थ आहे. तो 'उप' मात्र खरा उपसर्ग आहे. ज्याला जन्माबरोबरचेच म्हणायचे असेल त्याच्यासाठी संस्कृतातला चोख शब्द 'सहज' हा होता, पण 'सहज आलो होतो, चहा घेईन' म्हणता म्हणता आपण त्याचा कस घालवला. 'जात्याच हुशार' मधला 'जात्या' मात्र अजून ठणठणीत आहे आणि तो खुशाल वापरावा.

परंतु मला खरा आनंद झाला तो 'उपजणे'च्या सख्ख्या भावंडाने. याच 'पद्'ला 'निस्' लागला की 'निष्पद्यते' होते, आणि त्यातून मराठीत 'निपजणे' येते. त्याचे संस्कृत रूप 'निष्पन्न'. 'उत्पन्न'ला 'उपजणे', 'निष्पन्न'ला 'निपजणे', इतकी नेटकी जोडी मराठीत क्वचित सापडते. आता या दोघांचा घरगुती वापर पाहा. मुलगा गुणी निपजला, थोरला आळशी निपजला, धाकटी मात्र गाणारी निपजली, असे आपण म्हणतो. 'गुणी उपजला' असे कोणी म्हणत नाही. 'निपजणे' या क्रियापदाला पूरक लागते, आधी काहीतरी विशेषण दिल्याशिवाय माणूस निपजत नाही. 'उपजणे'ला तशी गरज नाही. म्हणजे मराठीने मूल जन्मते त्या वेळी त्याच्यावर शिक्का मारला नाही, ते पुढे काय झाले ते पाहून मग विशेषण जोडले.

माझे मत असे आहे की हे दोन्ही शब्द घरात शिरले ते शेतातून. हे मत सर्वांना मान्य होत नाही. माझे एक भाषाशिक्षक स्नेही याला 'कापूस पिकवणाऱ्या भागातली व्युत्पत्ती' म्हणून हिणवतात. पण त्यांनी एकदा जूनच्या पावसावर लावलेली कपाशी दिवाळीपर्यंत पाहावी. उगवण दृष्ट लागण्यासारखी होते, आणि बोंडअळी पडली की वेचणीला हाती काही लागत नाही. उपज आणि निपज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुस्तकातून शिकण्याची ज्यांना गरज नव्हती, त्यांनीच ते शब्द मुलाबाळांना लावले असणार, असे मी मानतो आणि मानत राहीन.

याच ओघात खानदेशातल्या आणखी एका लाडक्या वाक्याचा समाचार घेतो. 'बहिणाबाईंना काव्याची उपजत देणगी होती' हे वाक्य जळगाव जिल्ह्यातल्या प्रत्येक शालेय निबंधात असते. बहिणाबाई चौधरी 1880 साली आसोद्याला जन्मल्या, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, त्या 1951 साली गेल्या आणि त्यांची गाणी पुस्तकरूपाने 1952 साली आली. अक्षरओळख नसल्यामुळे त्यांची प्रतिभा उपजत ठरवून आपण मोकळे होतो. त्या स्वतः मात्र 'माझी माय सरसोती, माले शिकवते बोली' असे म्हणतात. क्रियापद 'शिकवते' आहे. जिला शाळा नव्हती ती बाई आपण शिकलो असे सांगते आहे, आणि शाळेत गेलेले आपण तिला 'नाही, तुला जन्मतःच येत होते' असे बजावतो. त्यांच्या बोलीला सरसकट अहिराणी म्हणणाऱ्यांविषयीही मला बोलायचे आहे, कारण ती लेवा गणबोली आहे. पण तो विषय वेगळा.

आता 'हातोटी'. जुने रूप 'हातवटी' असे आहे. 'अव'चा 'ओ' होऊन 'लवण'चे 'लोण' झाले, तसे 'हातवटी'चे 'हातोटी' झाले. हाताला पडलेले वळण, असा तिचा अर्थ. आपल्याकडे खापरावरचे मांडे करणारी बाई कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवते आणि तो न फाटता पालथ्या खापरावर टाकते, ती हातोटी. पहिले कित्येक मांडे फाटल्यावर ती येते. कोणीही ती जन्मताना बरोबर आणत नाही. म्हणून 'उपजत हातोटी' हे 'कोरडा पाऊस' म्हणण्यासारखे आहे. काही शुद्धीवादी याच्या पलीकडे जाऊन 'बोलण्याची हातोटी' हेही चूक ठरवतात, कारण बोलणे हाताने होत नाही. अशांना विचारावे की, 'गणित हाताळणे' आणि 'प्रकरण हातावेगळे करणे' यांत त्यांचे हात नेमके कुठे असतात. समजावून सांगण्याची हातोटी असू शकते, आणि ती शिक्षकांना असली तर बरेच.

देहाच्या अवयवांवर गुण टाकण्याची मराठीची रीत मात्र उपजताला फार जवळची आहे. गळा गोड असतो, हाताला चव असते, वैद्याच्या हाताला यश असते, गाणाऱ्याला गाण्याचे 'अंग' असते. अहिराणीत 'तिना गया गोड शे' म्हणतात. 'ळ' तिथे 'य' झाला आहे, गोडवा तोच. भरिताची वांगी भाजून बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचताना दोन घरांचे तेल, मिरची, लसूण सारखे असूनही चव वेगळी येते, तेव्हा 'तिचा हातच तसा' एवढेच बोलून विषय संपवला जातो. 'हात' उपजत असू शकतो, 'हातोटी' नाही. पत्रिकेत 'नृत्याचे उपजत अंग आणि सरावाने आलेली हातोटी' असे छापले असते, तर माझी हरकत नव्हती.

दुसऱ्या प्रश्नाला जागा थोडी उरली. 'सुप्त गुण' म्हणजे असलेला, पण अजून जागा न झालेला गुण. जो अंगी मुळातच नाही, त्याला सुप्त म्हणू नये. जो घरात राहतच नाही तो आत झोपणार कसा? नसलेल्या गुणाची जी ओढ असते तिला मराठीत 'हौस' हा शब्द आहे. तो अरबी 'हवस'पासून आला आहे. हिंदीत त्याच शब्दाला वासनेचा वास लागला आणि आपल्याकडे तो डोहाळे, लग्न आणि नाटक यांच्या हौसेत रमला. ज्याचा गळा नाही आणि तरी जो गातो, तो हौशी. राज्य नाट्यस्पर्धेच्या नावातच 'हौशी' आहे आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. तेव्हा प्रश्नकर्त्यांनी आपल्या मनातल्या गुणाला, तो कोणता ते त्यांनी कळवलेले नाही, निर्धास्तपणे 'हौस' म्हणावे, आणि नातीच्या मुख्याध्यापकांना वरचे दोन शब्द वेगळे लिहून पाठवावेत.