परदेशात गेल्यावर घरची गाणी इतकी का लागतात?

“घरी होतो तेव्हा बाबांचा रेडिओ मीच बंद करायचो. आता तीच गाणी ऐकल्याशिवाय झोप येत नाही. मॅडम, माझं काही बिघडलंय का?”

नोकरीसाठी परदेशी गेलेल्या एका तरुणाने व्हिडिओ कॉलवर समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत मला हे विचारलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) आपण तिथे रुळतच नाही आहोत, ही त्याची खरी भीती.

हा प्रश्न बऱ्याच जणांचा असतो आणि माझं उत्तर स्पष्ट आहे: काहीही बिघडलेलं नाही. घरी गाणं कानावर पडतच असतं, म्हणून त्याकडे लक्ष जात नाही. परदेशात ते मुद्दाम लावावं लागतं, आणि मुद्दाम लावलेलं गाणं माणूस मन लावून ऐकतो.

अठराव्या शतकातला तत्त्वचिंतक रूसो याने 1768 च्या आपल्या संगीतकोशात परमुलखात चाकरी करणाऱ्या स्विस सैनिकांबद्दल लिहिलं आहे. गावाकडच्या गुराख्यांची एक साधी धून ऐकून ते रडत, पलटण सोडून पळत, म्हणून ती वाजवायलाच बंदी होती म्हणे. परक्यांवर मात्र तिचा काहीच परिणाम होत नसे. म्हणजे जोर सुरांचा नाही, त्यांना चिकटलेल्या आठवणींचा.

त्या तरुणाला मी एक गाणं लावायला सांगितलं. अंतऱ्याआधी बासरीचा तुकडा आला तसा तो म्हणाला, “इथे बाबा आवाज वाढवायचे आणि आई आतून ओरडायची, कमी करा!” हसता हसता डोळे भरून आले. गायक कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं.

असं रडू येणं मला काळजीचं वाटत नाही. मी बघते ते गाणं संपल्यावर माणूस काय करतो. हा मात्र सहकाऱ्यांनी बोलावलं तरी हेडफोन लावून खोलीतच बसायचा. म्हणून गाणी बंद करायला न सांगता, ती कुणाबरोबर तरी ऐक, एवढंच सुचवलं. (दोन आठवडे उलटले तरी मन उदास, झोप-भूक उडालेली, आवडती गाणीही नकोशी, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटावं.)

त्याने बाबांनाच फोन करून गायकाचं नाव विचारलं. एरवी ‘जेवलास का’वर आटपणारं बोलणं त्या दिवशी बराच वेळ चाललं. सहकाऱ्यांबरोबर बाहेर जाणं अजून त्याला जड जातं. सध्या आमचं काम त्यावरच चालू आहे.