घूं-घूं टायरची की बेअरिंगची? खोला घरी, पण प्रेस मारायला बाहेर न्या

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 2013 ची डिझेल स्विफ्ट, 1 लाख 10 हजार किलोमीटर झालेली, पन्नास-साठच्या पुढे गेलं की पुढून घूं-घूं असा आवाज. एक मेकॅनिक म्हणतो चारही टायर टाका, दुसरा म्हणतो डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय. गाडी चिपळूणला, घराखाली जागा आहे, पाने आहेत, हौस आहे. घरी जमेल का?

जमेल, पण सगळं नाही. निदान घरी करा, नकल (चाकामागचा लोखंडी भाग, ज्यात बेअरिंग बसतं) घरी उतरवा, आणि जुनं बेअरिंग काढून नवं बसवायचं काम हायड्रॉलिक प्रेसवाल्याकडे द्या. यूट्यूबवर हातोड्यानं बेअरिंग ठोकणारे दिसतील. त्यांच्या गाडीचा पुढच्या महिन्यातला व्हिडिओ कुणी टाकत नाही.

आधी निदान, कारण मी मार तिथेच खाल्लाय. माझ्या पहिल्या गाडीला असाच आवाज होता. ड्रायव्हर सीटवरून कान देऊन ऐकलं, डावीकडून येतोय अशी खात्री झाली, डावं बेअरिंग बदललं. गाडी बाहेर काढली तर आवाज जसाच्या तसा. उजवं गेलेलं होतं. पत्र्यातून आवाज असा फिरतो की सीटवरून बाजू ठरवणं म्हणजे निव्वळ अंदाज.

म्हणून रिकामा, सरळ रस्ता बघून आधी सत्तरला गाडी न्यूट्रल करा. इंजिन चालूच ठेवा, बंद केलंत तर ब्रेक जड होतो. इंजिनचा आवाज खाली गेला आणि घूं-घूं तशीच राहिली, तर दोष चाकांकडे आहे. मग रुंद रस्त्यावर, बेतानं, स्टिअरिंग थोडं डावीकडे-उजवीकडे झुलवा. उजवीकडे वळताना गाडीचं वजन डाव्या चाकांवर येतं. तेव्हा आवाज वाढला तर संशय डाव्यावर, डावीकडे वळताना वाढला तर उजव्यावर. हा नियम बहुतेक वेळा लागू पडतो, नेहमी नाही. बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या दोन ओळी असतात. कुठली खराब झालीय त्यावर उलटही होऊ शकतं.

टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो. काँक्रीटवर एक सूर, डांबरावर दुसरा. बेअरिंगला रस्त्याशी देणंघेणं नसतं, त्याला फक्त वेग कळतो. टायरवर तळहात उलटसुलट फिरवून बघा, करवतीसारखे दात लागले तर टायरही गुन्हेगार असू शकतो. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाकून एक फेरी मारा. आवाज टायरबरोबर मागे गेला तर बेअरिंगचा खर्च वाचला. आणि वळताना कट्-कट् होत असेल तर ते बेअरिंग नव्हे, एक्सलचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवणारा सांधा.

आता गाडी उचला. जॅकखाली जाड फळी, मागच्या चाकांना दगड किंवा ओंडके, आणि गाडीखाली घोडी (गाडी पेलणारा लोखंडी स्टँड). नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही. यावर मी वाद घालत नाही.

चाक वर-खाली धरून हलवा, मग दोन्ही बाजूंना धरून हलवा. वर-खाली खेळ लागला तर बेअरिंग किंवा लोअर आर्मचा बॉल जॉइंट (नकलला खालून धरणारा सांधा). फक्त आडवा लागला तर आधी टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या स्टिअरिंगच्या दांड्याचं टोक) बघा. इथे एक युक्ती: कुणालातरी ब्रेक दाबून बसवा आणि पुन्हा हलवा. ब्रेक लागला की चाकाबरोबर फिरणारी डिस्क कॅलिपरमधून (ब्रेकच्या चिमट्यातून) नकलला घट्ट धरली जाते, म्हणजे मधलं बेअरिंग हिशोबातून बाहेर. खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा टाय रॉड.

पण खेळ लागायला बेअरिंग बरंच जावं लागतं. नुसती घूं-घूं असताना खेळ शून्य असू शकतो. तेव्हा गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एका हातानं शॉकअपची स्प्रिंग धरा आणि दुसऱ्या हातानं चाक जोरात फिरवा. चांगलं बेअरिंग असेल तर स्प्रिंगला काही जाणवत नाही. गेलेलं असेल तर बोटांना बारीक खरखर लागते, जात्यात खडा अडकल्यासारखी. लगेच दुसऱ्या बाजूला जाऊन तेच करा, तुलनेत फरक कळतो. माझ्या मते ही सगळ्यांत भरवशाची चाचणी, आणि ही केली असती तर माझं पहिलं बेअरिंग फुकट गेलं नसतं.

1 लाख 10 हजाराला बेअरिंग गेलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या टायरचा घेर साधारण 1.88 मीटर धरला तर आतापर्यंत चाकाचे 5.8 कोटी फेरे झालेत. त्यात मुंबई-गोवा महामार्गाचे खड्डे. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे कडेचे खड्डे आणि डबकी डाव्या चाकाच्याच वाट्याला. आणखी एक विचारतो: जुलै 2021 च्या पुरात ही गाडी पाण्यात होती का? बेअरिंगचं सील उडणारं पाणी अडवतं, पण गाळाच्या पाण्यात उभं राहणं त्याच्या कुवतीबाहेरचं. होती असेल तर चारही चाकं तपासा. कुणीतरी "ग्रीस भरून घ्या" म्हणेल. ते जुन्या जीपच्या टेपर रोलर बेअरिंगला. तुमचं सीलबंद आहे, गेलं म्हणजे बदलायचं. खरखरीबरोबर खेळही लागत असेल तर तोवर गाडी काढू नका.

उतरवण्याचं काम वेळखाऊ आहे, अवघड नाही. चाकं जमिनीवर असतानाच एक्सल नटची डिचवलेली कड छिन्नीनं उचला आणि लांब टॉमीला (पान्याच्या दांडीला) पाईप घालून नट सैल करा. बहुतेक छोट्या गाड्यांना 30 किंवा 32 मिलिमीटरचा बॉक्स पाना लागतो, आधी मापून घ्या. मग चाक काढा. कॅलिपर काढून तारेनं स्प्रिंगला टांगा, ब्रेकच्या पाईपवर लोंबकळत ठेवू नका. एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर चाकाचा वेग मोजणारा तिचा सेन्सर आधीच काढून बाजूला घ्या. गंजून अडकला असेल तर पिरगाळू नका, तेल सोडून चहा पिऊन या. टाय रॉड एंडचा नट काढल्यावर आट्यांवर ठोकायचं नाही, नकलच्या कानावर बाजूनं दोन सणसणीत फटके द्यायचे, सुटतो. शॉकअपच्या दोन बोल्टांची जागा खुणेनं आखून ठेवा. नकल बाहेर घेताना एक्सल ओढू नका, आतला जॉइंट निसटला तर दिवस वाढतो.

आता प्रेस. मी कोल्हापूरचा, आमच्याकडे उद्यमनगरात गल्लीगल्लीत लेथ आणि प्रेस. तुम्हाला खेर्डीत किंवा लोट्याला एमआयडीसीत कुणीतरी भेटेल. गाडीच्या हबचं (चाक ज्यावर बसतं आणि जो बेअरिंगमध्ये फिरतो त्या भागाचं) काम केलेला माणूस शोधा आणि काम होईपर्यंत शेजारी उभे राहा.

उभं राहायचं कारण सांगतो. दुसऱ्या वेळी बाजू बरोबर ओळखली होती, नवं बेअरिंग नकलमध्ये नीट बसलं होतं. मग कारागिरानं नकल टेबलावर तशीच ठेवली आणि वरून हब दाबला. खालून आधार आउटर रेसला (बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगला), दाब इनर रेसवर (आतल्या रिंगवर). म्हणजे सगळा जोर मधल्या गोळ्यांमधून गेला. मला ते दिसत होतं, पण कारागीर वयानं मोठे, मी गप्प बसलो. तीन आठवड्यांत तीच घूं-घूं परत. बेअरिंग फोडून पाहिलं तर रेसवर ओळीनं बारीक खळगे, प्रत्येक गोळीचा एक. याला ब्रिनेलिंग म्हणतात. ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्यानं 1900 मध्ये धातूचा कठीणपणा मोजायची पद्धत मांडली, त्यात कठीण गोळी धातूवर दाबून पडलेला खळगा मोजतात. मी तीच चाचणी स्वतःच्या पैशानं करून घेतली होती.

म्हणजे जी रेस बसवायची, दाब तिच्यावरच हवा. बेअरिंग नकलमध्ये बसवताना आउटर रेसवर दाब, जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग त्याला उत्तम चालते. हब बसवताना खालून इनर रेसच्या मापाचा पाईप आधाराला. हे कारागिराला आधी सांगा, वयाचा मान ठेवून, पण सांगा. हातोड्याला माझा विरोध याचसाठी.

जुनं बाहेर दाबण्याआधी सर्क्लिप (बेअरिंग जागेवर अडवून ठेवणारी स्प्रिंगची कडी) काढलीय ना, हे स्वतः बघा. हब निघताना जुनी इनर रेस बहुतेकदा हबवरच अडकून येते. ती पुलरनं किंवा ग्राइंडरनं अर्धवट चीर देऊन छिन्नीनं निघते, पण हबला ओरखडा पडता कामा नये. नवं बेअरिंग पाकिटासकट आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवलं तर जरा आकसतं आणि सोपं बसतं. आमच्याकडे ते मटारच्या पिशवीखाली असतं, आता घरात कुणी विचारतही नाही.

एबीएसवाल्या बेअरिंगच्या एका तोंडाला चुंबकीय पट्टी असते. ती काळपट बाजू आत, सेन्सरकडे. उलटं बसलं तर मीटरवर दिवा लागतो आणि सगळं पुन्हा खोलावं लागतं. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या तर एक टाचणी जवळ न्या, जिथे ओढली जाईल ती बाजू. लोहचुंबक मात्र त्याच्या आसपासही नको.

बेअरिंग ओळखीच्या दुकानातून बिलासकट घ्या, नकली माल भरपूर आहे. एसकेएफ घेतलंत तर त्यांचं ऑथेंटिकेट नावाचं ॲप आहे, फोटो पाठवून खातरजमा करता येते.

जोडताना एक्सल नट नवीनच. तो टॉर्क पान्यानं, मॅन्युअलमधल्या आकड्याला, अंदाजानं नाही. गाडी घोडीवरच असू द्या, कुणालातरी ब्रेकवर बसवा आणि मग आवळा. नट पूर्ण आवळेपर्यंत गाडीचं वजन त्या चाकावर टाकायचं नाही, नवं बेअरिंग तिथेच दुखावतं. मग नटाची कड एक्सलच्या खाचेत डिचवा. पन्नासेक किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा बघा आणि अलाइनमेंट करून घ्या.

आणि खोलण्याआधी प्रेसवाल्याला फोन करा. सगळीकडे सुटी रविवारीच असते असं नाही. मी एकदा ग्रीसनं माखलेली नकल गोणपाटात गुंडाळून, दोन रिक्षा बदलून गेलो होतो. शटर बंद, आणि गाडी घरी तीन चाकांवर.