नरक्याचा पत्ता

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

नरक्यावर काम करायचं ठरवलंस हे कळल्यावर मी जुन्या वह्या काढून बसलो. या झुडपावर माझा जीव आहे, म्हणून थोडं कडक लिहितो.

बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबी-जांबोटीच्या रानात ते मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतं; झुडूप म्हणावं तर थोराड, झाड म्हणावं तर लहान. पावसाळ्यात फुललं की दिसण्याआधी वासानेच सापडतं. कानडीतही त्याला ‘दुर्वासने मर’, म्हणजे दुर्गंधीचं झाडच म्हणतात. फुलं नसली तर फांदीवर गळलेल्या पानांचे ठळक वण बघ, पान चुरडून हुंग.

१९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य वेगळं केलं. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य आपल्या नरक्यात मिळालं. पेशी दुभंगण्याआधी डीएनएचा पीळ सोडवायला एक एन्झाइम त्याचा एक धागा कापतं आणि पुन्हा सांधतं. हे द्रव्य तो सांधा जुळूच देत नाही, मग भराभर वाढणारी पेशी मरते. त्यावरूनच टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कर्करोगावरची औषधं तयार झाली; १९९६ मध्ये अमेरिकेत दोन्हींना मान्यता मिळाली. पण द्रव्य साल आणि मुळांत जास्त, म्हणून घाटात झाडं मुळासकट गेली.

माझ्या पहिल्या अहवालात मी ओढ्याचं नाव, पायवाट, सगळं लिहिलं होतं. दोन पावसाळ्यांनी तिथे गेलो तर नुसते खड्डे. कोणी नेली ते कधीच कळलं नाही, पण पत्ता मी छापला होता. आजही त्या वाटेला गेलो की पाय जड होतात. तू जीपीएसचे आकडे तुझ्या वहीतच ठेव, प्रबंधात तालुका लिहिलास तरी पुरे.

नमुना घेताना सालीचा छोटा तुकडा एकाच बाजूने काढ, खोडाभोवती सालीचा गोल पट्टा कधीच सोलू नकोस. मुळाला हात नाही. द्रव्याचं प्रमाण झाडागणिक बदलतं, तेव्हा एकाच झाडाला ओरबाडण्यापेक्षा पुष्कळ झाडांचं थोडं थोडं घे. मार्गदर्शक घाई करतील, तरी पहिलं वर्ष नुसतं मोजणीला दे: झाडं किती, त्यांच्याखाली रोपं किती. रोपंच नसतील तर प्रयोगशाळेतले आकडे काय करायचेत?

परवानगीचं आधी बघ. आपल्याकडचं रान कर्नाटकच्या वनखात्याकडे, चंदगडकडचं महाराष्ट्राच्या. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, तिथले नियम वेगळे. कानडी अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेऊ नकोस, स्वतः शिक. रेंज ऑफिसात त्याने माणसं मोकळी बोलतात. आणि गवळ्यांना विचार. झाड कुठे होतं आणि कधी गेलं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नाही.

ऑगस्टात ये, मी सोबत चालेन. जळवांसाठी मोज्यांना तंबाखूचं पाणी लाव, आणि वही प्लास्टिकच्या पिशवीत घाल.

तुझा,
काका