पहिला कॅमकॉर्डर घेताना खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका

बाळाच्या बारशाआधी कॅमकॉर्डर घ्यायचाय म्हणता, छान! फक्त खोक्यावरचा ‘४००एक्स’ बघून हुरळू नका. तो डिजिटल झूम. त्यात चित्र नुसतं ताणलं जातं आणि फुटतं. ऑप्टिकल झूम, म्हणजे भिंगानेच खरोखर जवळ आणणारा, १० ते २० पट असला की घरासाठी रग्गड.

त्याहून मोलाचं म्हणजे चित्र स्थिर राहणं. दुकानात झूम पूर्ण ताणून समोरच्या पाटीवर धरा. पाटी नाचायला लागली तर कॅमेरा गुपचूप परत ठेवा. मग एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यात धरून बघा, चित्रात बारीक ठिपक्यांसारखे दाणे किती दिसतात ते. आपली बारशी, केळवणं ट्यूबलाइटखालीच होतात ना!

- चित्राची बारकाई १९२०×१०८० ठिपके, म्हणजे फुल एचडी, पुरेशी आहे. त्याहून बारीक ४केचे पैसे वाचवा.
- बाहेरचा माइक जोडायची सोय हवीच. नाशिकच्या गंगापूर धरणावर मी पोरांची तासभर बडबड टिपली, घरी येऊन ऐकलं तर नुसता वारा.
- सेकंडहँड घेणार असाल तर त्या मॉडेलची बॅटरी अजून मिळते का, ते आधी विचारा.

नवशिक्यांचा हात सारखा झूमच्या बटणावर असतो. ती सवय मोडायला रामकुंडावर संध्याकाळच्या आरतीला एकदा सरावाला जा. प्रत्येक शॉट दहा सेकंद, कॅमेरा अजिबात न हलवता.