मुंबई ते नागपूर विमानाने किती अंतर आहे आणि किती वेळ लागतो?

सरळ हवाई अंतर साधारण 690 किलोमीटर. तिकिटावर वेळ दीड तासाच्या आसपास दिसेल.

ताशी 800 किलोमीटरने उडणाऱ्या विमानाला मग एवढा वेळ का? कारण ती वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, वर चढणं, खाली उतरणं, सगळं त्यात धरलेलं असतं. शिवाय मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. म्हणून परतताना कधीकधी विमान वरच घिरट्या घालतं. पावसाळ्यात तर हमखास वेळ हातात ठेवा. त्याच संध्याकाळी लग्न किंवा मुलाखत असेल तर सकाळचंच विमान घ्या.

निघण्याआधी तिकिटावर टर्मिनल नक्की बघा. टी-1 सांताक्रूझला, टी-2 सहारला. नवी मुंबईचा विमानतळ तर पार उलवेजवळ! बोरिवलीहून निघालेल्या माणसाला ही चूक फार महागात पडते.

नागपूरचा विमानतळ सोनेगावला, शहराला लागूनच. तिथून वर्धा रोडने सीताबर्डीला पटकन पोचता.

समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे, गाडीने आठेक तास धरा. घरातली चार माणसं असतील तर मी गाडीच सुचवेन.