व्हिक्टोरियात अर्थ अँड ओशन सायन्स: यायचं की नाही

तू विचारलंयस की बारावी सायन्स झाली, घर रत्नागिरीला, समुद्राचं वेड आहे, तर कॅनडात युनिव्हर्सिटी ऑफ व्हिक्टोरियाला अर्थ अँड ओशन सायन्सची बीएस्सी करू का. मी तिथेच शिकले, अजून याच गावात राहते, माहेर चिपळूणचं, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आधी डोक्यातून डॉल्फिन आणि डायव्हिंग काढ. ते हवं असेल तर मरीन बायॉलॉजी बघ, तो वेगळा रस्ता आहे. इथे पहिल्या वर्षी कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री, आणि त्यासोबत आपल्या विषयाचे दोनच कोर्स, एक समुद्र आणि वातावरणाचा, दुसरा पृथ्वीच्या पोटातल्या घडामोडींचा. मॅथ्स नको म्हणून इकडे आलेली माझ्या बॅचची बरीच मुलं दुसऱ्या वर्षापर्यंत दुसरीकडे गेली. तुला मॅथ्स जमत असेल, नुसतं पास होण्यापुरतं नाही तर त्यात बसायला आवडत असेल, तर मात्र हा विषय सोन्यासारखा आहे.

मला तो कधी कळला ते सांगते. गावाजवळ सानिच इनलेट नावाची खाडी आहे, तिथे युनिव्हर्सिटीच्या बोटीतून आम्हाला पाण्याचे नमुने घ्यायला नेलं होतं. बाटलीत पाणी भरून त्यात मँगनीजचं आणि अल्कली-आयोडाइडचं द्रावण टाकायचं, ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. वरच्या पाण्याची बाटली काकवीसारखी झाली, आणि तळाजवळची ताकासारखी पांढरीच राहिली, हलवून हलवून हात दुखले तरी पांढरीच. म्हणजे त्या पाण्यात ऑक्सिजन जवळपास नव्हताच. कारण खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली उंबरठ्यासारखा एक उंचवटा आहे, साधारण ७० मीटर खोलीवर, आणि आत खोली २०० मीटरच्या वर, त्यामुळे खालचं पाणी महिनोन्महिने कोंडून राहतं.

त्यावर वाचायला घेतलं तेव्हा समजलं की आपल्या किनाऱ्यावरही असं होतं. कारण वेगळं आहे, पावसाळ्यात अरबी समुद्राच्या खोलातलं कमी ऑक्सिजनचं पाणी वर चढून किनाऱ्याकडे येतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत गोव्यासमोर तळाशी ऑक्सिजन पार संपतो. हे सगळं मोजलंय गोव्यात दोना पावलाला असलेल्या एनआयओतल्या, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या लोकांनी. चिपळूणहून गोवा ते किती लांब, आणि मला हे कॅनडात येऊन कळलं याचं फार वाईट वाटलं होतं.

म्हणून तुला मनापासून सांगते, घरची ऐपत ओढाताणीची असेल तर बीएस्सी तिकडेच कर, जिओलॉजी किंवा फिजिक्समध्ये. मग गोवा युनिव्हर्सिटीत मरीन सायन्सचं एमएस्सी आहे, किंवा थेट इकडे थीसिसवालं मास्टर्स. बीएस्सीला बाहेरच्या मुलांना फी इथल्या मुलांच्या कितीतरी पट असते आणि ती घरातूनच जाते, थीसिस मास्टर्सला मात्र बहुतेक वेळा प्रोफेसरच्या ग्रँटमधून आणि टीचिंग असिस्टंटच्या कामातून पैसे मिळतात. फरक लाखांत नाही, काही वेळा कोटीपर्यंत जातो. वर सप्टेंबर २०२५ पासून स्टडी परमिटला एकट्या विद्यार्थ्याने फी आणि प्रवास सोडून २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवायचे आहेत, आणि कॉलेज चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येतं. त्या कमाईवर फी निघेल असं कोणी एजंट सांगत असेल तर तिथून उठून ये.

तरीही बीएस्सीलाच यायचं ठरलं तर जागा म्हणून व्हिक्टोरियासारखी जागा नाही, हेही तितकंच खरं. हुआन द फुका प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा एक तुकडा, आमच्या पायाखाली सरकतेय, २६ जानेवारी १७०० ला इथे साधारण ९ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याची त्सुनामी पार जपानला पोचली, तारीख आपल्याला कळली तीही जपानी नोंदींमुळेच. ओशन नेटवर्क्स कॅनडाची मोजमापाची यंत्रं जोडलेली ८०० किलोमीटरची केबल समुद्राच्या तळाशी आहे, तिचा डेटा घरबसल्या फुकट बघता येतो, आजच रत्नागिरीत बसून बघ, कंटाळा येतो की वेळ कसा गेला कळत नाही ते समजेल.

एक चूक मात्र करू नकोस. ब्रिटिश कोलंबियात जिओसायंटिस्ट म्हणून काम करायला रजिस्ट्रेशन लागतं, त्याला ठरावीक कोर्स आणि चार वर्षांचा अनुभव हवा. मी आवडीने समुद्राचे कोर्स घेत गेले, जिओलॉजीचे दोन कमी पडले, ते नोकरी करता करता संध्याकाळी पुरे केले, ते वर्ष फार जड गेलं. दुसऱ्या वर्षातच त्या कोर्सची यादी समोर घेऊन बस. सरकारी नोकऱ्या या विषयात पुष्कळ आहेत पण केंद्राच्या जागांना सिटिझन आणि पीआरवाल्यांना (कायम राहण्याची परवानगी असलेल्यांना) आधी घेतात, म्हणजे डिग्रीनंतरच्या तीन वर्षांच्या वर्क परमिटवर सुरुवात बहुधा कन्सल्टिंग किंवा खाणीच्या कंपनीतच होते, आणि तिथे जंगलात, पावसात, खडकांवर काम असतं.

पाऊस म्हटलं तर रत्नागिरीत एका जुलैत पडतो तेवढा इथे वर्षात पडत नाही, पण हिवाळ्यात रिपरिप थांबत नाही आणि साडेचारला अंधार, पहिल्या वर्षीच्या नोव्हेंबरात घरची आठवण खूप येते. तेव्हा फोन कर मला, खरंच.

आता तू फिजिक्स-मॅथ्सचे मार्क आणि घरून साधारण किती खर्च झेपेल ते कळव, आईबाबांना विचारून. मग पुढचं बोलू.