महापालिकेचे कर्जरोखे, पण कागदी प्रमाणपत्रावर?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. ओळखीच्या एजंटने आमच्या महापालिकेचे करमुक्त, सरकारी हमीचे रोखे म्हणून माझ्याकडून तीन लाखांचा चेक स्वतःच्या फर्मच्या नावाने घेतला. शिक्क्याचं प्रमाणपत्र आणि राज्य सरकारच्या मंजुरीपत्राची झेरॉक्स दिली. डिमॅट खातं लागत नाही म्हणाला. पैसे सुरक्षित आहेत का?

उत्तर : ताई, रोखे तुमच्या नावावर झालेलेच नाहीत, असं धरून आजच हालचाल करा.

महापालिकांचे रोखे सेबीच्या, म्हणजे भांडवल बाजाराच्या नियामकाच्या, २०१५ च्या नियमांखाली निघतात, शेअर बाजारात नोंदले जातात आणि डिमॅट खात्यात (शेअर-रोखे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवायच्या खात्यात) जमा होतात. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे काढले, तेही खासगी विक्रीने, मोठ्या गुंतवणूकदार संस्थांना. इंदूरने २०२३ मध्ये सौरप्रकल्पासाठी थेट जनतेकडून पैसे उभे केले. अशा जाहीर विक्रीत माहितीपत्रक सगळ्यांना खुलं असतं, पतमानांकन (परतफेडीच्या क्षमतेचा दर्जा) छापलेलं असतं आणि रोखे मिळेपर्यंत अर्जाची रक्कम तुमच्याच बँक खात्यात अडवून ठेवली जाते. आधी निघालेले रोखे बाजारातून घ्यायचे तर नोंदणीकृत ब्रोकर लागतो. एजंटच्या फर्मला चेक, हा यातला कुठलाच मार्ग नाही.

त्या झेरॉक्सबद्दल. ती खरीही असू शकेल. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमानुसार कर्ज उभारायला महापालिकेला राज्य सरकारची मंजुरी घ्यावीच लागते. पण मंजुरी म्हणजे हमी नव्हे! महापालिकेने पैसे थकवले तर सरकार भरेल, असं त्यातून निघत नाही; हमी असलीच तर माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेली असते. करमाफीचंही तसंच : केंद्राने त्या रोख्यांसाठी अधिसूचना काढलेली असेल तरच. या दोन शब्दांवर किती निवृत्त माणसांची पुंजी जाते, याचा मला फार संताप येतो.

चेक वटला नसेल तर बँकेला लगेच लेखी कळवून तो थांबवा. वटला असेल तर एजंटला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवा : रोखे डिमॅटमध्ये कधी जमा झाले ते दाखवा, नाहीतर रक्कम परत करा. त्याची नोंदणी सेबीच्या संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत असेल तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार करा. नसेल तर नोटिशीच्या उत्तराची वाट न पाहता आर्थिक गुन्हे शाखेकडे जा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा नोंदवता येतो. आणखी कुणाकुणाकडून त्याने पैसे घेतलेत ते शोधा आणि तक्रार एकत्र द्या. प्रकरण ठेवी गोळा करण्याचं ठरलं, तर १९९९ च्या एमपीआयडी, म्हणजे महाराष्ट्राच्या ठेवीदार-संरक्षण कायद्याखाली त्याची मालमत्ता जप्त होऊ शकते.

‘बदलून देतो’ म्हणून तो प्रमाणपत्र परत मागेल. मूळ कागद त्याच्या हाती देऊ नका.